बिनविरोध

तीस वर्षं गावाच्या वतीने बेटाच्या विधानसभेत बोलून झाल्यावर लापाती घरी बसून लिहायला लागला, तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीला, तिवाला, वाटलं की याला ताप भरला असावा. लापाती आणि तोंड मिटून काम? ती टोपी विणताविणता उठून आली, त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि परत आपल्या केवड्याच्या पातींपाशी जाऊन बसली.

"ताप तर नाही," ती म्हणाली. "मग झालंय काय?"

"ताई, मी लेखक झालोय."

"बरं झालं. लोक तुझं ऐकताऐकता उठून जायचे. कागद बिचारा जाणार कुठे?"

लापातीने हे मनावर घेतलं नाही. तिवाचं बोलणं मनावर घेत बसला असता तर तो तीस वर्षं सोडाच, तीन दिवससुद्धा राजकारणात टिकला नसता. तो आपला ओसरीवर वही घेऊन बसे. पॅसिफिकमधल्या आमच्या नियुए बेटावरच्या साप्ताहिकात दर शुक्रवारी त्याचं अर्धं पान येई. कधी डांबरी रस्ता गावात कसा आला त्याची हकिगत, कधी डुकरांचं कुंपण कसं घालावं याचा उपदेश, कधी मंत्र्याला होडीतून फिरवताना मंत्री आणि आपण दोघेही कसे ओकलो त्याचं रसभरीत वर्णन, कधी वारलेल्या बायकोच्या हातच्या ताकिहीची आठवण. अळकुडी आणि पपई नारळाच्या दुधात भाजायची, यात एवढं काय आहे असं वाटेल. पण ते वाचून दोन बायका रडल्या म्हणे. त्या दोघीही न्यूझीलंडात, ऑकलंडला राहतात. वाचणारे बहुतेक तिकडेच. विमान आठवड्यातून एकदा येतं, आणि रिकामं येऊन भरून जातं असं लापाती सभेत वर्षानुवर्षं ओरडत आला होता. त्याचा उपयोग काय झाला ते त्याच्या ओसरीवरून दिसतंच. समोर अंगणात बायकोची पांढरी कबर, तिच्यापुढे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे फेलेतीचं बंद घर.

त्या घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या आहेत. पण अंगणातलं गवत कधी घोट्याच्या वर जात नाही. दर शनिवारी लापाती जाऊन ते कापतो, फेलेतीच्या आईबापांच्या कबरी झाडतो, आणि कोणी पाहिलंच तर म्हणतो, "उंदीर होतात हो, आमच्याकडे येतात."

आता फेलेतीबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय लापातीची गोष्ट पुढे सरकत नाही. दोघांची घरं समोरासमोर, जन्म एकाच वर्षातला, मासे धरायची होडी एकच. आणि दर तीन वर्षांनी गावच्या जागेसाठी दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहत. नऊ वेळा राहिले. पहिल्या वेळी गावात एकसष्ट मतं होती, नवव्या वेळी तेवीस. तेवीस माणसांपुढे भाषण काय करणार? समोर बसलेल्या प्रत्येकाने तुम्हाला लहानपणी नागडं पळताना पाहिलेलं असतं. त्यामुळे आमच्याकडे प्रचार म्हणजे घरोघर जाऊन बसायचं, दिलं ते खायचं, आणि टाकीची तोटी गळते का, म्हातारीचे गुडघे कसे आहेत, हे ऐकून घ्यायचं. निवडणुकीचा महिनाभर दोघे मित्र एकमेकांशी बोलत नसत. होडी तेवढी दोघे मिळून ओढत, पण मुकाट्याने. मतं मोजून झाली की हरलेल्याच्या अंगणात उमू लागायची, जमिनीतली भट्टी, आणि डुक्कर आणायचं जिंकणाऱ्याने. ही आमच्या गावची रीत. नऊ वेळा लापाती डुक्कर घेऊन रस्ता ओलांडून गेला. नऊ वेळा फेलेतीने आधी त्या डुकराला नावं ठेवली आणि मग सर्वांत जास्त खाल्लं.

मग फेलेतीची साखर वाढली, डोळे अधू झाले, आणि डॉक्टरांनी त्याला तपासण्यांसाठी ऑकलंडला धाडलं. बायको सिफा बरोबर. "दोन महिन्यांत येतो," तो म्हणाला. विमानाच्या दिवशी निम्मं बेट विमानतळावर असतंच. लापातीने पिवळ्या शंखांची माळ त्याच्या गळ्यात घातली. तिथे थांबायचं होतं. पण समोर माणसं दिसली की ज्याचं तोंड सुटतं, तो हाडाचा पुढारी. तो वळून मोठ्याने म्हणाला, "मंडळी, अखेर आमचा विरोधक पळाला! पुढच्या खेपेला मी बिनविरोध!"

सगळे खो खो हसले. फेलेती हसला नाही. त्याने सिफाच्या हातातली पिशवी घेतली आणि विमानाकडे चालायला लागला. शिडीच्या वरच्या पायरीवर जाणारा प्रत्येक जण मागे वळतो, हात हलवतो; वळत नाही असा माणूस आम्ही पाहिलेला नाही. फेलेती वळला नाही.

दोन महिन्यांची सहा वर्षं झाली. मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा चार चार तास यंत्राला जोडून रक्त धुवायचं, आणि तसलं यंत्र इकडे नाही. मागोमाग त्याचे भाऊही तिकडे राहायला गेले, भावांची मुलं गेली. पुढची निवडणूक आली आणि लापाती खरोखरच बिनविरोध निवडून आला. मत पडलं नाही, मोजणी झाली नाही, तो कुणाच्या घरी जाऊन बसला नाही. उमूही लागली नाही. लावणार कुणाच्या अंगणात? हरलंच नव्हतं कोणी. ती तीन वर्षं त्याने कशीबशी काढली आणि मग आपण होऊन बाजूला झाला. लोकांना वाटलं, दमला असेल.

दमला नव्हता. त्याला करमत नव्हतं. सगळं गाव इथे असताना जेवढा आवाज असायचा तेवढा तर त्याला हवाच होता, पण त्याहून जास्त त्याला एकच आवाज हवा होता. कुंपणापलीकडून येणारा, "ए लापाती, खोटं बोलतोस!" म्हणणारा. फोन होता घरात. सहा वर्षांत कितीदा त्याने तो उचलला आणि अर्धा नंबर लावून खाली ठेवला. विमानतळावरचा तो विनोद माशाच्या काट्यासारखा घशात अडकला होता. मध्यंतरी सिफा गेली, तिला तिकडेच पुरलं, तेव्हासुद्धा त्याने उत्तम विणीची चटई पाठवली, नारळखेकड्यांच्या दोन बर्फपेट्या पाठवल्या. स्वतःचा आवाज तेवढा पाठवला नाही. त्याची त्याला इतकी लाज वाटत होती की त्यानंतर तर फोनकडे बघवेना.

म्हणून तो लिहायला बसला होता. वाचणारे पुष्कळ असले तरी लिहिणं एकासाठीच चाललं होतं.

पहिले काही महिने त्याने सगळं अगदी खरं खरं लिहिलं. कोणी हू की चू केलं नाही. मग एकदा रस्त्याचं साल चुकलं. लगेच ऑकलंडहून एका निवृत्त मास्तरांचं दोन पानी पत्र. लापातीचे डोळे चमकले. चुकलं की माणसं बोलतात! पुढच्याच शुक्रवारी त्याने लिहिलं की गावातला सर्वांत मोठा मासा आपण एकट्याने होडीत ओढला. तो फेलेतीने ओढला होता आणि लापातीने फक्त घाबरून किंकाळी मारली होती, हे गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. पुढे लिहिलं, फेलेतीला कधीच भालाफेकीत बक्षीस मिळालं नाही. मग लिहिलं, फेलेतीच्या डुक्करिणीने चर्चच्या बागेतली अळकुडी खाल्ली. ती डुक्करीण लापातीचीच होती.

"मेल्या, पाद्रीबाबा ते वाचतात," तिवा म्हणाली. "म्हातारपणी खोटं लिहितोस? आणि तेही छापून?"

"वाचू देत."

"ज्याने वाचावं म्हणून लिहितोस तो वाचत नाहीये, लापाती. त्याला दिसतच नाही धड. त्याला फोन कर."

"मी कशाला करू? तो गेला."

"आणि जाताना त्याला चारचौघांत पळपुटा कोण म्हणालं? मी?"

लापाती वहीत डोकं घालून बसला. तिवा खरं बोलली की तो नेहमी काहीतरी शोधायला लागायचा. त्या दिवशी टोपण शोधत होता, जे पेनालाच होतं.

दोन वर्षं झाली, फेलेतीकडून एक ओळ नाही. शेवटी लापातीने ती गोष्ट लिहायची ठरवली जी त्याने आजवर कुणाला सांगितली नव्हती. आमच्या गावात मतदानाच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये बसूनच सगळ्यांचे हिशेब होतात. कोण कुठल्या बाकावर, कोणाची सून कोणाच्या घरची, बोटांवर मोजलं की निकाल कळतो. लापातीचा हिशेब पक्का असे. पण नऊच्या नऊ वेळा त्याला हिशेबापेक्षा एक मत जास्त पडलं होतं. नवव्या वेळी तर त्याच्याकडची अकरा, फेलेतीकडची बारा; हरणार हे त्याने धरलं होतं, सुतकी चेहराही तयार ठेवला होता. निकाल लागला तो उलटा. बारा-अकरा. फेलेतीच्या गोटातलं कोणीतरी इतकी वर्षं गुपचूप त्याला मत देत होतं, आणि कोण, हे त्याला कधी कळलं नाही.

हे त्याने लिहिलं, आणि शेवटी मुद्दाम काडी टाकली. ते मत बहुधा सिफाच्या धाकट्या भावाचं, कारण मी भाषण उत्तम करतो हे त्या घरात त्या एकट्यालाच समजत होतं.

लेख शुक्रवारी आला. मंगळवारी सकाळी फोन वाजला. तिकडे फेलेतीची मुलगी लोसे होती.

"काका, बाबा फार चिडलेत."

लापातीला उड्या माराव्याशा वाटल्या. "वाचलं त्याने?"

"मी वाचून दाखवते. पहिल्यापासून. एकही शुक्रवार सोडलेला नाही. ऐकतात, आणि मग पुढच्या शुक्रवारपर्यंत तुम्हाला शिव्या देतात. नर्सबाईंनासुद्धा आता तुमचं नाव पाठ झालंय. आत्ता यंत्रावर आहेत, चार तास हलता येत नाही. देऊ का?"

"दे," लापाती म्हणाला, आणि फोन ओसरीवर ओढून आणून बसला.

फोनमध्ये आधी यंत्राचं घुर्र घुर्र. मग तो आवाज आला. बारीक झाला होता, पण तोच.

"ए लापाती. खोटं बोलतोस."

लापातीला हुंदका आवरेना. त्याने फोन बाजूला धरला, खोकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "कुठलं खोटं? मासा?"

"मासा, भाला, डुक्करीण, सगळंच. पण सिफाच्या भावाला कशाला मध्ये ओढलंस? तो गरीब तुला कधी मत देईल? त्याला तू आवडतच नाहीस."

"मग कोणी दिलं?"

"मी."

"काय, तू?"

"मी दिलं. नऊ वेळा."

समोर तिवा टोपी विणत बसली होती. लापातीचं तोंड उघडं पडलेलं पाहून तिने पाती खाली ठेवली.

"डोकं फिरलंय का तुझं?" लापाती ओरडला. "स्वतःविरुद्ध मत दिलंस? मग उभा कशाला राहायचास?"

"मी उभा नसतो तर तू घरोघर फिरला असतास? म्हाताऱ्या मोकाच्या टाकीला तोटी बसली असती? दर तीन वर्षांनी तुला महिनाभर घाबरवायचं, हे माझं काम. सभेत जाऊन बोलायचं हे काही माझं काम नव्हे. मला तिथे उभं केलं असतं तर घाम फुटला असता. तू बडबड्या, तू तिथे शोभतोस."

"आणि सिफा? ती तुझ्यासाठी टोप्या वाटत फिरायची!"

"तिला कळलं असतं तर मला होडीत झोपावं लागलं असतं. हळू बोल, लोसे ऐकतेय."

दोघेही हसले. फेलेतीला हसताना धाप लागली, आणि लोसेने त्याला पाणी दिल्याचा आवाज आला. लापाती थांबला. मग एवढी वर्षं घशात अडकलेलं त्याने एका दमात ओकून टाकलं. "त्या दिवशी विमानतळावर मी बोलायला नको होतं रे. आणि सिफा गेली तेव्हा फोन करायला हवा होता. केला नाही. माझं चुकलं."

"विनोद लागला मला," फेलेती म्हणाला. "खरा होता ना, म्हणून लागला. शिडी चढताना वाटलं, आता याला घाबरवणार कोण?"

"मग एक ओळ तरी पाठवायचीस. दोन वर्षं मी तुला चिडवायला खोटं लिहितोय."

"ते कळत होतं. उत्तर दिलं असतं तर तू गप्प बसला असतास. मग शुक्रवारी लोसेने मला काय वाचून दाखवायचं? हवामान?"

 लापाती रस्त्यापलीकडे बघत होता. शेवटी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, पण आवाज काही सहज लागला नाही. "तुझ्या छपराचा एक पत्रा हलतोय. कधी येतोस बघायला?"

"यंत्र बरोबर आणू? विमानात मांडीवर घेऊन बसतो."

"तसं नाही रे."

"लापाती, सिफा इथे आहे," फेलेती म्हणाला. "मुलं इथे. आता जे काय व्हायचं ते इथेच. पत्र्यावर एखादा दगड ठेव." मग आवाज बदलून म्हणाला, "या शुक्रवारचं लिहिलंस का? वाच. मला अजून अडीच तास इथून हलता येत नाही. आणि तारीखरेषेच्या या बाजूला आमच्याकडे बुधवार आहे, तू नेहमीसारखा एक दिवस मागे आहेस."

लापातीने वही उघडली आणि वाचायला लागला. वाक्यावाक्याला पलीकडून हरकत येत होती. "खोटं." "तो मी होतो." "तेव्हा पाऊस कुठे होता?" "ते वाक्य काढ, फुशारकी आहे." सभेत त्याच्या बोलण्यावर इतक्या हरकती कधी कोणी घेतल्या नव्हत्या, आणि तो इतका सुखावलाही कधी नव्हता. तिवा हातातलं काम विसरून ऐकत होती. हळूहळू हरकती विरळ झाल्या. मग थांबल्या. लापातीने आणखी एक पान वाचलं. फेलेतीने मोठा मासा पकडल्याची कबुली त्यात होती, तरी पलीकडून हूं नाही.

"फेलेती? झोपलास?"

यंत्राचं घुर्र घुर्र तेवढं चालू होतं.

लापातीने वही मांडीवर उलटी ठेवली. तीस वर्षं तो माणसं जागी असताना बोलत आला होता. आता समोरचा झोपलाय म्हटल्यावर त्याचा आवाज अगदी लहान झाला.

"परत ये रे," तो म्हणाला. "मला इथे तुझ्यावाचून राहवत नाही. सकाळी उठतो, तुझं दार बंद दिसतं, आणि पुन्हा आत जाऊन पडावंसं वाटतं. जिवंत येता येत नसेल तर तसा ये. मुलांना सांगून ठेव. सिफालाही घेऊन ये, तिची शवपेटी मी आणवीन, जाईन सगळ्यांच्या दारात पुन्हा, मतं मागायचो तसे पैसे मागायला. तुझ्या आईच्या बाजूला दोघांची जागा आहे. मी गवत वाढू दिलेलं नाही तिथे. रोज सकाळी ओसरीवर बसलो की समोर तू असशील, एवढंच मला हवंय. मग तू काही बोलला नाहीस तरी चालेल."

तिवाने तोंड फिरवून त्या अर्धवट टोपीत खुपसलं. फोनमध्ये काही हललं. लोसेचा आवाज आला, घोगरा झालेला.

"काका."

"झोपलाय ना तो? झोपू दे. मी ठेवतो."

"झोपले नाहीत, काका. जागे आहेत. फोन ठेवू नका म्हणून हाताने खुणावताहेत."

 लापातीने फोन कानाला घट्ट धरला. यंत्राला अजून तासभर चालायचं होतं, आणि तेवढा वेळ दोघे तसेच बसून राहिले.